अठराव्या वर्षाआधीचा फुटबॉल

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर घानाने भारताला ४-० असे हरवले. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक तेव्हा प्रथमच आपल्या देशात भरला होता. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, जन्म १३ जुलै २०००. घानाच्या संघात मोहम्मद कुदूस होता, जन्म २ ऑगस्ट २०००. दोघांच्या वयात वीस दिवसांचे अंतर, दोघेही एकाच गटात खेळत होते आणि दोघेही साध्या घरांतून आलेले. पुढच्या वर्षी अठरावा वाढदिवस होऊन आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा कुदूस डेन्मार्कच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये नॉर्शेलांड या क्लबकडून मैदानात उतरला. दोन हंगामांनी नेदरलँड्सच्या आयॅक्सने त्याला सुमारे ९० लाख युरो मोजून घेतले. २०२२ च्या विश्वचषकात त्याने दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोल केले आणि त्यानंतर तो इंग्लंडला गेला.

अनिकेतही थांबला नाही. विश्वचषकानंतर तो फुटबॉल महासंघाच्या इंडियन अ‍ॅरोज या तरुण संघात गेला आणि आय-लीगमधल्या त्यांच्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध त्याने दोन गोल केले. २०१९ मध्ये पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाच्या मालकीच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश क्लबमध्ये तो तीन महिने सरावाला गेला. पण तो सराव होता, खेळण्याचा करार नव्हता. परत आल्यावर तो जमशेदपूरकडून खेळला. २०२२ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातही तो होता. कोल्हापूरच्या मुलाने गाठलेली ही उंची लहान नाही. तरीही प्रश्न उरतोच. एकाच वयाच्या, एकाच स्पर्धेत उतरलेल्या दोन मुलांपैकी एकाला युरोपचे दार अठराव्या वर्षी उघडे मिळाले आणि दुसऱ्याला तीन महिन्यांचा पाहुणचार मिळाला, हे कशामुळे?

हा प्रश्न मी आष्टीत बसून विचारतो आहे. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. तीन हजार मीटर स्टीपलचेसचा धावपटू अविनाश साबळे ज्या मांडव्याचा, ते बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात येते. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथे मुले क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात, आणि अलीकडे मोबाइलवर नॉर्वेच्या हालांडचे गोल पाहतात. जालन्याचा विजय झोल २०१४ मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघाचा कर्णधार झाला, त्यामुळे क्रिकेटची वाट कशी असते हे इथल्या पालकांना थोडेफार ठाऊक आहे. फुटबॉलची वाट मात्र कोणी पाहिलेली नाही.

आधी नियम समजून घेऊ, कारण सगळी गाठ तिथे आहे. जागतिक फुटबॉल महासंघ म्हणजे फिफा. खेळाडूंच्या बदलीविषयीच्या तिच्या नियमावलीतले १९ वे कलम सांगते की अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणत्याही खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये जाता येणार नाही. कोवळ्या मुलांना परदेशी नेऊन वाऱ्यावर सोडण्याचे प्रकार आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत फार झाले, त्यांना आळा घालण्यासाठी हे कलम आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने, म्हणजे नोकरीधंद्यासाठी, दुसऱ्या देशात राहायला गेले तर मुलाला तिथे खेळता येते. स्टॉकहोम, कोपनहेगन किंवा ओस्लोला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी हे दार उघडे आहे. दुसरा मोठा अपवाद युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्र यांच्या आतला. तिथला मुलगा सोळाव्या वर्षीच दुसऱ्या सदस्य देशात जाऊ शकतो.

आयर्लंडचे उदाहरण इथे फार बोलके आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथली हुशार मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी समुद्र ओलांडून इंग्लिश क्लबांच्या अकादम्यांत जात. त्यातली मोजकी चमकत, बाकीची विशीच्या आत परत येत. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय नियमांच्या बाहेर पडले आणि ही वाट एका दिवसात बंद झाली. आता आयरिश मुलाला इंग्लंडला जायचे तर अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. पण इटली, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन यांची दारे त्याला सोळाव्या वर्षीही उघडीच आहेत, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रात असलेल्या नॉर्वेचेही. शॅमरॉक रोव्हर्सचा केव्हिन झेफी २०२१ मध्ये सोळाव्या वर्षी थेट इंटर मिलानला गेला, तो याच सवलतीमुळे. जो घरीच थांबतो, त्याला सोळाव्या-सतराव्या वर्षी आयर्लंडच्या लीगमध्ये मोठ्या माणसांच्या संघात खेळायला मिळते. सक्तीने थांबावे लागले, पण त्यातून त्यांच्या घरच्या लीगचा फायदाच झाला.

आष्टीच्या मुलाला सोळाव्या वर्षाची ही सवलत नाही. म्हणून त्याची तुलना आयरिश मुलाशी करण्यापेक्षा कुदूसशी करावी. घानाही युरोपच्या बाहेरच, तोच नियम तिथेही लागू. फरक असा की अठरा पूर्ण होण्याआधीचे सगळे काम घानात झाले होते. ‘राइट टू ड्रीम’ नावाची अकादमी १९९९ मध्ये तिथे सुरू झाली. मुलांना राहणे, जेवण, शाळा आणि फुटबॉल एकाच ठिकाणी. २०१५ च्या अखेरीस या अकादमीच्या मंडळींनी डेन्मार्कचा नॉर्शेलांड क्लबच विकत घेतला. त्यामुळे अकादमीत तयार झालेल्या कुदूससारख्या मुलाला अठराव्या वर्षी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, कारण त्याला घेणारा संघ आधीच ठरलेला असतो आणि त्या संघाला तो मुलगा लहानपणापासून माहीत असतो.

पण डेन्मार्कसारखे उत्तरेकडचे देशच का? नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांच्या लीग फुटबॉलच्या नकाशावर मधल्या फळीतल्या आहेत. स्पेन-इंग्लंडच्या पैशाशी त्यांची बरोबरी होत नाही. स्वीडनमध्ये क्लबच्या मतांपैकी किमान ५१ टक्के मते सभासदांच्या हाती असावी लागतात, नॉर्वेतही क्लब सभासदांचेच आहेत. या दोन देशांत कोणी अब्जाधीश येऊन तिजोरी ओतेल ही शक्यता नाही. मग क्लब चालवायचा तर तरुण खेळाडू घडवायचा, त्याला खेळवायचा आणि मोठ्या लीगला विकायचा, हाच धंद्याचा पाया. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्या संघात उतरवायला तिथले प्रशिक्षक कचरत नाहीत. नॉर्वे आणि स्वीडनच्या वरच्या लीगमध्ये १६ संघ आणि ३० फेऱ्या असतात, आणि कडक हिवाळ्यामुळे हंगाम वसंतापासून शरदाच्या अखेरीपर्यंत चालतो. मोठ्या युरोपीय लीगसाठी खेळाडू हेरणारे लोक उन्हाळ्यात मोकळे असतात, तेव्हा इथे सामने ऐन भरात असतात.

कागदपत्रांचा मुद्दाही आहे. सुनील छेत्रीला २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने घ्यायचे ठरवले होते. भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नाही म्हणून त्याला कामाचा परवाना नाकारला गेला. नेदरलँड्समध्ये युरोपाबाहेरच्या खेळाडूला द्यायच्या किमान पगाराची अट इतकी मोठी आहे की क्लब नवख्यावर तो खर्च करत नाहीत. उत्तरेकडच्या देशांतही परवाना लागतो, पगाराची अट असते. पण तुमच्या देशाचा फुटबॉल कितव्या क्रमांकावर आहे हे तिथे आडवे येत नाही.

याच वाटेने दोन भारतीय गेले, दोघेही गोलरक्षक. सुब्रत पाल २०१४ च्या सुरुवातीला डेन्मार्कच्या वेस्टशेलांड क्लबमध्ये दाखल झाला, पण पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता परतला. त्याच वर्षी मोहालीचा गुरप्रीतसिंग संधू ईस्ट बंगाल सोडून ओस्लोजवळच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला. वय बावीस. तिथे त्याच्यापुढे सायूबा मांदे हा आयव्हरी कोस्टचा गोलरक्षक होता. गोलरक्षकाची जागा एकच असते, त्यामुळे गुरप्रीतचा बराच काळ बाकावर गेला. लीगचा पहिला सामना त्याला मे २०१६ मध्ये मिळाला, स्टार्ट या संघाविरुद्ध, आणि स्टाबेकने तो ५-० असा जिंकला. त्याच उन्हाळ्यात वेल्सच्या कोनाज की नोमॅड्सविरुद्ध तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय. त्या सामन्यातही दुखापतीमुळे त्याला लवकर बाहेर यावे लागले. २०१७ मध्ये तो बंगळुरूला परतला आणि पुढे अनेक वर्षे भारताचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक राहिला.

या तीन वर्षांचा हिशेब कसा मांडायचा? माझ्या मते गुरप्रीतला त्या सरावाचा फायदा झाला, पण सामन्यांची भूक तिथे भागली नाही. तरुण खेळाडूच्या भवितव्याचा अंदाज बांधायचा असेल तर क्लबचे नाव, पगार, छायाचित्रातली जर्सी हे सगळे बाजूला ठेवून एकच आकडा पाहावा, तो म्हणजे वर्षभरात तो किती मिनिटे मैदानावर होता. वीस वर्षांचा मुलगा नॉर्वेच्या दुसऱ्या श्रेणीत दोन हजार मिनिटे खेळला, तर त्याची पुढची वाट मोठ्या क्लबच्या बाकावर बसलेल्या मुलापेक्षा सरळ असते. आयरिश मुलाला हेच लागू, मराठी मुलालाही हेच लागू.

गावाच्या आकाराने घाबरून जायचे कारण नाही. नॉर्वेतले बोडो शहर आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या जालना शहराची लोकसंख्या दोन लाख पंच्याऐंशी हजार होती. त्या बोडोच्या क्लबने २०२१ मध्ये इटलीच्या रोमाला ६-१ असे हरवले आणि २०२५ मध्ये युरोपा लीगची उपांत्य फेरी गाठली. हालांड ज्या ब्रिना गावात वाढला, ते शेतीवाडीच्या मुलखातले छोटे गाव आहे. २०२५ मध्ये तिथला संघ वरच्या लीगमध्ये आला, तेव्हा सामनावीराला अंडी, दूध अशी गावच्या शेतातली बक्षिसे दिली गेली आणि त्याच्या बातम्या जगभर झळकल्या. त्या गावाकडे एक गोष्ट मात्र होती, आणि ती फार महत्त्वाची. हिवाळ्यातही खेळता येईल असे छत असलेले मैदान तिथे आहे. हालांडच्या वयाची चाळीसच्या आसपास मुले वर्षानुवर्षे एकत्र सराव करत राहिली. हुशार आणि मठ्ठ अशी फाळणी करून कुणाला घरी पाठवले नाही. नॉर्वेत मुलांच्या खेळाविषयी देशपातळीवर नियम आहेत. त्यानुसार अकराव्या वर्षाच्या आधी निकाल आणि गुणतक्ते लावायचे नाहीत, आणि तेराव्या वर्षाच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा घ्यायच्या नाहीत. त्याच नॉर्वेने २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवली, १९९८ नंतर प्रथमच.

आता आमच्याकडचे चित्र. परतूर-आष्टीचा हा पट्टा काळ्या मातीचा. कापूस, सोयाबीन, तूर यांना ही जमीन मानवते, फुटबॉलला मानवत नाही. आषाढ-श्रावणात मैदानाचा चिखल होतो, बूट घोट्यापर्यंत रुततो आणि चेंडू जागेवर बसतो. दिवाळीनंतर तीच जमीन टणक होते, त्यावर गुरांच्या खुरांचे आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे वाळून राहतात. चैत्र-वैशाखात तिला हातभर भेगा पडतात. अशा जमिनीवर जमिनीलगतचा पास कुठे उसळेल याचा नेम नसतो. मग मुले काय शिकतात? चेंडू आला की लांब भिरकावून द्यायचा. पहिल्या स्पर्शात चेंडू पायाशी बसवणे, मान वर करून पुढचा पास शोधणे ही सवय नऊ ते बारा या वयात लागते, आणि सपाट जागेशिवाय ती लागत नाही. उपाय अवघड नाही. पूर्ण मैदान नको, तीस मीटर बाय वीस मीटरची जागा पुरे. वरची काळी माती थोडी काढायची, मुरूम टाकायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि पाण्याला उतार द्यायचा. एवढ्या जागेत पाच-पाच मुलांचे सामने रोज होतात, आणि त्यात प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू कितीतरी जास्त वेळा लागतो.

चेंडू आपल्याकडे आले होते. विश्वचषकाआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ या नावाने राज्य सरकारने सगळ्या जिल्ह्यांत एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला, शाळांना चेंडू वाटले. २०२३ मध्ये बायर्न म्युनिकबरोबरच्या करारातून चौदा वर्षांखालील मुलांची स्पर्धा झाली आणि निवडक वीस मुलांना जर्मनीत सरावाला नेण्याची योजना आली. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण एक दिवस खेळणे आणि वीस मुलांनी जाऊन येणे यातून खेळाडू तयार होत नाही. तो तयार होतो दर आठवड्याच्या सामन्यातून, आणि त्याचीच आपल्याकडे वानवा आहे. शालेय सुब्रतो मुखर्जी चषकाचे जिल्हास्तराचे सामने ऐन पावसाळ्यात आणि बाद पद्धतीने होतात. पहिला सामना हरला की संघ घरी. म्हणजे आष्टीच्या शाळेतला मुलगा वर्षभर सराव करून चिखलात एक सामना खेळतो आणि त्याचा हंगाम संपतो. त्याच वयाचा ब्रिनाचा मुलगा वर्षात तीस-चाळीस सामने खेळतो. बारा ते अठरा या सहा वर्षांत या दोघांमधले अंतर किती वाढेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

कोल्हापूरने हे आपल्या पद्धतीने सोडवले आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा तालमी आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर लीग खेळतात, पेठापेठांतले लोक तिकीट काढून येतात, आणि दहा वर्षांचे पोर आपल्या पेठेच्या संघात जायचे स्वप्न बघते. अनिकेत त्या हवेत वाढला आणि मग पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. मराठवाड्यात तालमी आहेत, गावाचा अभिमान आहे, यात्रेत कुस्त्यांना जमणारी गर्दी आहे. फुटबॉलची लीग तेवढी नाही. परतूर, आष्टी, सेलू, मंठा, घनसावंगी इथल्या शाळांनी मिळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी साखळी सामने घेतले, तर एकेका मुलाला वर्षाला बारा-पंधरा सामने सहज मिळतील. यासाठी परदेशी क्लबशी करार लागत नाही.

मुलींचा विचार तर आधी व्हायला हवा. पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, अशी पहिली भारतीय. महिला फुटबॉलमध्ये भारत आणि युरोप यांतले अंतर पुरुषांपेक्षा कमी आहे, आणि स्वीडनची महिला लीग जगातल्या जुन्या, भक्कम लीगपैकी एक आहे. गावातल्या मुलीला मैदान मिळाले तर तिची संधी मुलाइतकीच, कदाचित जास्तच खरी आहे.

पैशाचीही एक गोष्ट आहे, आणि ती गावोगावच्या क्रीडाशिक्षकांनी नीट वाचावी. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. समजा एखाद्या मुलाची बदली १० कोटी रुपयांना झाली आणि तो बारा ते पंधरा ही चारही वर्षे आष्टीच्या क्लबात होता, तर त्या क्लबला १० लाख रुपये मिळायला हवेत. अटी दोन. तो क्लब जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न असला पाहिजे आणि मुलाची नोंद भारतीय महासंघाच्या संगणकीय नोंदणीत दर हंगामाला झालेली असली पाहिजे. नोंद नसेल तर त्या मुलाला कोणी घडवले याचा कागदोपत्री पुरावाच राहत नाही.

आपल्या देशातली वरची लीगही सध्या डळमळीत आहे. व्यावसायिक करारावरच्या वादामुळे आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम महिनोन्‌महिने रखडला आणि अनेक खेळाडू घरी बसून राहिले. अशा वेळी परदेशाचे आकर्षण वाढते, आणि त्याबरोबर फसवणारेही वाढतात. म्हणून पालकांना कळकळीने सांगतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला परदेशी क्लबात ‘खेळवून देतो’ असे कोणी म्हणाला, तर १९ वे कलम त्याच्यासमोर ठेवा. चाचणीसाठी लाखो रुपये मागितले, तर तिथेच बोलणे थांबवा, कारण ज्या क्लबला खेळाडू खरोखर हवा असतो तो स्वतःच्या खर्चाने बोलावतो. दलालाकडे फिफाचा परवाना आहे का ते त्याच्या नावानिशी तपासा. शेत गहाण ठेवून मुलाला कुठल्याही अकादमीत पाठवू नका. दहावी-बारावी सोडायला लावू नका, इंग्रजी बोलता येईल इतके शिकवा, आणि त्याची जन्मनोंद, आधार, पासपोर्ट यांवरची तारीख एकच असेल याची आजच खात्री करा. वयाच्या दाखल्यातली एक चूक अठराव्या वर्षी हातातला करार घालवू शकते.

आणि आष्टीतल्या शाळांना, ग्रामपंचायतीला, तरुण मंडळांना एवढीच विनंती आहे. या दिवाळीनंतर दहा-बारा ट्रॉल्या मुरूम टाका, एक छोटे मैदान सपाट करा, क्लबची नोंदणी करा आणि रविवारचे सामने सुरू करा.